न मिळालेल्या उत्तराचीही साक्ष

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत थोडा वेळ साक्षीसाठी राखून ठेवलेला असतो. ही साक्ष कोर्टातली नव्हे. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. कुणाच्या मुलाला पुण्यात नोकरी लागलेली असते, कुणाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलेलं असतं, कुणाच्या जावयाची दारू सुटलेली असते. सांगणाऱ्याचा गळा दाटून येतो, ऐकणारे ‘आमेन’ म्हणतात, पाळकसाहेब छोटीशी प्रार्थना करतात आणि पुढचं गीत सुरू होतं. मला ही प्रथा मनापासून आवडते. माणसं एरवी आपलं बरं झालेलं असं मोकळेपणाने सांगतात कुठे? दृष्ट लागेल म्हणून दडवूनच ठेवतात.

पण ज्याच्या मुलाला नोकरी लागली नाही, ज्याचं ऑपरेशन फसलं, जिचा नवरा अजून पितो, त्यांना मी साक्षीला उठलेलं कधी पाहिलं नाही. ते मागच्या बाकांवर बसतात. काही महिन्यांनी तिथेही दिसेनासे होतात. कुणी विचारलं तर घरचे सांगतात, तब्येत बरी नसते. माझं म्हणणं साधं आहे. माईक त्यांच्याही हातात द्या.

मी नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून झाली, आता पेन्शनवर आहे. माझ्या धाकट्या मुलाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. वय अजून चाळिशीच्या आतलं. मंगळवारी आणि शुक्रवारी तो डायलिसिसला जातो. चार तास खुर्चीवर, हातात दोन जाड सुया. एकीतून रक्त बाहेर येतं, मशीनच्या फिल्टरमधून फिरतं आणि दुसरीतून आत जातं. किडनी मी देणार होते, माझी शुगर आडवी आली. सुनेचंही तपासणीत जमलं नाही. अवयवदानाच्या प्रतीक्षायादीत नाव घातलेलं आहे, ते आहे तिथे आहे.

घरात त्याच्या पाण्याची बाटली वेगळी असते. दिवसाला अर्धा लिटर, त्यातच चहा आला, आमटी आली, गोळीबरोबरचा घोट आला. एप्रिल-मेमध्ये नगरला ऊन भाजून काढतं तेव्हा तो बर्फाचा खडा तोंडात धरून बसतो. बटाटा असो की पालेभाजी, चिरून भरपूर पाण्यात उकळायची, पाणी ओतून द्यायचं, नवीन पाण्यात पुन्हा उकळायची. पोटॅशियम निघून जातं. चवही निघून जाते. टोमॅटो, केळं, शहाळं यांना घरबंदी. डायलिसिस लागल्यावर तो पहिल्यांदा चर्चला आला त्या रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे बोटभर पेल्यात द्राक्षरस देतात. तो पेला हातात धरून माझ्या कानाशी म्हणाला, “मम्मी, हा पाचशेत धरायचा का?” मी म्हटलं, धर. तेव्हापासून तो धरतो.

रोज सकाळी मी त्याच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवते. तिथे धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला आहे, डायलिसिसच्या सुया त्याच वाटेवर टोचतात. वाट उघडी असेल तर कातडीखाली मांजर गुरगुरावं तशी बारीक थरथर लागते. ती लागली की माझी निम्मी प्रार्थना झाली.

उरलेली निम्मी भांडणाची असते. त्याच भांडणाबद्दल मला लिहायचं आहे, कारण माझ्या श्रद्धेचं बळ तिथून येतं असा माझा अनुभव आहे आणि आमच्या मंडळ्यांत त्याची वाच्यता कुणी करत नाही.

आजाराच्या घरी माणसं येतात. येणारा प्रत्येक जण काहीतरी बोलतो, गप्प बसून परत जाणं आपल्याकडे असभ्य समजतात. “देव आपल्या आवडत्यांचीच परीक्षा बघतो.” “झेपेल तेवढंच ओझं तो देतो.” “यातूनही त्याची काही योजना असेल, सिस्टर.” वॉर्डात न झेपलेली ओझी मी इतकी पाहिली आहेत की दुसऱ्या वाक्याला माझी मान हलत नाही. भाजलेल्या मुली पाहिल्या. फवारणीचं औषध पिऊन आणलेले शेतकरी पाहिले, शुद्धीवर आल्यावर ‘मला वाचवा’ म्हणणारे. त्यांना झेपेल तेवढंच दिलं होतं, असं त्यांच्या आयांना सांगायची माझी छाती नाही. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो हे मला कळतं. समोरच्याचं दुःख बघून आपल्यालाच भीती वाटते आणि ती झाकायला एक तयार वाक्य लागतं. पण ऐकणाऱ्याच्या पदरात दुःखाबरोबर आणखी एक काम पडतं, येणाऱ्याला बरं वाटेल असं हसून मान डोलवायचं.

यापुढची पायरी धोक्याची आहे. बाहेरगावचे एक उपदेशक कुणाच्या तरी ओळखीने आमच्याकडे आले. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी मोठ्या आवाजात प्रार्थना केली, घामाघूम झाले. चहा पिता पिता म्हणाले, “भाऊ, बरं वाटायचं असेल तर विश्वासाची खूण म्हणून पुढच्या वेळी मशीनवर जाऊ नका.” मुलाने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “अंकल, तुम्ही चष्मा का लावता?” ते पुन्हा आले नाहीत. आम्ही हसलो खरं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. दोन-तीन डायलिसिस चुकल्यावर पोटॅशियम वाढून हृदय कसं थांबतं ते मी जवळून पाहिलं आहे. माझा मुलगा शिकलेला आहे, त्याची आई नर्स आहे. एखाद्या वस्तीवर, गाडीभाड्याला पैसे नसलेल्या घरात तेच वाक्य पडलं असतं तर? औषध सोडायला सांगणारा माणूस कोणत्या देवाचं नाव घेतो याने मला फरक पडत नाही. हे वाचून काहींना माझी भाषा अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांची वाटेल. वाटू दे. आमच्या येशूनेही बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवून घ्यायला सांगितलं होतं. त्या काळी कुष्ठ गेलं की नाही याची तपासणी याजकच करत.

शास्त्राचा आधार मागाल तर ईयोबाचं पुस्तक उघडा. ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ईयोब हा नेकीने वागणारा, भरल्या घरचा माणूस. एका दिवसात गुरंढोरं गेली, मुलंबाळं गेली, मग अंगभर गळवं उठली. तो राखेत बसून खापरीने अंग खाजवतो आहे. तीन मित्र लांबून भेटायला येतात. त्याला बघून रडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहतात, एक शब्दही न बोलता. इथवर त्यांनी सगळं बरोबर केलं. मग ते बोलायला लागतात. देव न्यायी आहे, त्याअर्थी तुझंच काहीतरी चुकलं असणार, कबूल कर, सगळं परत मिळेल. ईयोब कबूल करत नाही. माझा गुन्हा दाखव, समोर ये, माझा दावा ऐक, असं तो थेट देवालाच सुनावतो. अध्यायच्या अध्याय तो भांडतो. शेवटी देव वावटळीतून बोलतो. ईयोबाला ‘का’चं उत्तर तेव्हाही मिळत नाही. पण देव रागावतो कुणावर? मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं खरं बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना बजावतो.

म्हणजे देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. आमच्या पवित्र शास्त्रात हे छापलेलं असताना आम्ही त्या तीन मित्रांचाच कित्ता गिरवत बसतो, याचं मला नवल वाटतं.

स्तोत्रसंहितेचंही तेच. १५० स्तोत्रांपैकी जवळपास तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. किती दिवस वाट बघू, तू झोपलास का, तोंड का फिरवलंस, अशा तऱ्हेची. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी वळण घेतात आणि स्तुतीकडे येतात. अठ्ठ्याऐंशीवं येत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. ज्यांनी ही स्तोत्रं गोळा केली त्यांच्या नजरेतून ते सुटलं असेल असं मला वाटत नाही. असंही कुणाला म्हणावं लागेल, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या उपासनेत मात्र वाचायला निवडतात ती तेविसावं, शंभरावं, एकशे एकविसावं. सुंदरच आहेत ती. अठ्ठ्याऐंशीवं मी चर्चमध्ये मोठ्याने वाचलेलं कधी ऐकलं नाही. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं होतात, तेव्हा चौथ्या उद्गाराची पाळी ज्याच्यावर येते तो बिचारा घाईत असतो. देवाने मला का सोडलं, असं प्रत्यक्ष येशूने विचारलेलं आहे. वक्ता दोन मिनिटं तिथे थांबतो आणि लगेच पुनरुत्थानाकडे पळतो. अहो, रविवार यायला अजून दोन रात्री आहेत. थांबा की जरा.

डायलिसिसच्या वॉर्डात मात्र कुणाला घाई नसते. चार तास काढायचेच असतात. मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर पाथर्डीकडचे एक वारकरी बाबा यायचे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, उशाला पिशवीत भाकरी. एका मंगळवारी ते फार खुशीत दिसले. मी विचारलं, “बाबा, आज काय विशेष?”

“आज लई झापलं त्याला, बाई.”

“कुणाला?”

“इठ्ठलाला. म्हनलं, तू इटेवर हात कंबरंला लावून हुबा, अन् आमचं हात हितं सुयांत. लाज वाटती का?”

“मग काय म्हणाला तो?”

“त्यो काय म्हननार? ऐकून घेतंय. ऐकून घ्यायला तरी कोन हाये दुसरं?”

माझी अवघी धर्मविद्या त्या बाबांच्या शेवटच्या वाक्यात येते. जनाबाईने विठोबाला शिव्या घातल्या, तुकोबांनी त्याच्याशी उभा दावा मांडला, आणि महाराष्ट्राने त्या दोघांना संत म्हटलं. त्यांची श्रद्धा कमी पडली असं कुणी म्हणालं नाही. आमच्या रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे चांगलं माहीत होतं. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, पुढची कित्येक वर्षं त्यांनी नगरला काढली, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. आमच्या उपासनेत अभंग आणि ओवी घुमायला लागली ती त्यांच्यामुळे. माझी आजी जात्यावर त्यांचीच गीतं म्हणायची. पण पुलावरून येताना तुकोबांचं भांडण आम्ही अलीकडे आणलंच नाही, ते पलीकडच्या काठावर राहून गेलं.

टिळकांपेक्षा मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात, हे इथे सांगून टाकते. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या, कित्येक वर्षं. आधीची मुलं गेलेली, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, लोकांची तोंडं चालूच. पुढे स्वतःच्या विचाराने एकेक अडसर काढत त्या तिकडे आल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलं. ते पुस्तक मी रात्रपाळीत, पेशंट झोपल्यावर टेबलाच्या दिव्यात वाचलं आहे. त्यात बाईंनी दुःखाला कुठेही इस्त्री केलेली नाही. टिळकांचा तापटपणा आहे, पैशांचा भोंगळ व्यवहार आहे, स्वतःची फजिती आहे, आणि देवाने हे सगळं कसं चांगल्यासाठी केलं असा निष्कर्ष काढून त्या मोकळ्या होत नाहीत. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने ते महाकाव्य पुढे लिहून पूर्ण केलं. कठीण काळातलं बळ म्हणतात ते हेच असेल तर मला मान्य आहे. त्यात जयघोष फारसा नाही, कामाला लागणं पुष्कळ आहे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आम्ही नेहमी सांगतो, पण अर्धीच. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला, मांडीवर वर्षाच्याही आतली मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. इथवर आम्ही सांगतो. ज्या इंग्रज भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशी त्यांनी पत्रांतून केलेला वाद आम्ही सांगत नाही. त्या पत्रांत रमाबाई सांगतात की एका पुरोहितशाहीचं जू मोडून आले ते दुसऱ्या कुणाचं मानेवर घ्यायला नव्हे. मी शास्त्र वाचेन, प्रश्न विचारेन, पटेल ते घेईन. समोरच्यांना तो अहंकार वाटला. मला त्यात विश्वास दिसतो. १९२१ मध्ये मनोरमा गेली, वर्ष पुरं व्हायच्या आत रमाबाईही गेल्या, आणि मधले महिने त्यांनी मराठी बायबलच्या आपल्या भाषांतराच्या कामात घालवले. लेक गेल्यावर त्या देवाशी काय बोलल्या असतील? त्यांनी प्रश्न विचारले नसतील असं मला तरी वाटत नाही.

दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांसाठीचा ‘पोटासाठी बाटलेले’ हा शब्द आमच्या पिढीने शाळेत ऐकला, आमच्या आयांनी विहिरीवर ऐकला. माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळातली. नेवाशाकडच्या गावातून, आई-बाप मेल्यावर, मिशनच्या अनाथाश्रमात आलेली. गावात असताना तिला पाणवठा शिवता येत नव्हता. इथे तिला भाकरी मिळाली, पाटी मिळाली आणि पुढे ती बायबलबाई म्हणून खेडोपाडी अक्षरं शिकवत हिंडली. होय, पोटासाठी. मग? उपाशी पोरीने आधी तत्त्वज्ञान तपासून मग भाकरी घ्यायची होती का? येशूने डोंगरावर पाच हजारांना जेवायला बसवलं तेव्हा कुणाचा विश्वास तपासला नव्हता. ज्या हातांनी आपल्याला मरू दिलं नाही त्या हातांमागे कोण आहे असं त्या पोरीला वाटलं, यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही. अनुसूचित जातींबद्दलच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे धर्म बदललेल्या या घरांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. पुढे शीख आणि बौद्धांना त्या मिळाल्या, आम्हाला नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण कठीण काळाबद्दल बोलताना तो मनात येतोच.

पणजीची आठवण काढण्याचं आणखी एक कारण आहे. तिला जे बळ मिळालं ते माणसांच्या हातून आलं. आजही तसंच येतं. मुलाचा आजार कळल्यावर आमच्या महिला मंडळातल्या एक मावशी आल्या. प्रार्थना छोटी केली आणि विचारलं, “डॉक्टरांनी खाण्याचा कागद दिला असेल ना, तो दे.” त्यांनी त्याचा मोबाईलवर फोटो काढला, प्रिंट करून आपल्या फ्रिजवर चिकटवला आणि शुक्रवारी डबा पाठवायला लागल्या. दोनदा उकळलेली भाजी, मीठ बेताचं, डाळ पातळ. तरुण संघातल्या पोरांनी रिक्षाच्या पाळ्या लावून घेतल्या. एक जण मुसलमान आहे, त्याचा चर्चशी संबंध एवढाच की त्याची रिक्षा चर्चच्या कोपऱ्यावर उभी असते. देवाने प्रार्थना ऐकली का असं मला कुणी विचारलं तर मी तो फ्रिजवरचा कागद दाखवीन. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस विनाखर्च होतं, तेही दाखवीन. कागदपत्रांसाठी सुनेला किती खिडक्या हिंडाव्या लागल्या ते वेगळं. पण योजना आहे, म्हणून घर उभं आहे. कुणाला ती सरकारची कृपा वाटेल, मी तिच्यासाठीही आभार मानते.

नर्स म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. श्रद्धावान माणूस मरणाला कमी भितो, हे मी तरी पाहिलेलं नाही. चांगले प्रार्थना करणारे लोक शेवटच्या रात्री माझा हात दाबून धरायचे, आणि देव न मानणारे एक मास्तर इतके शांत गेले की ड्यूटीवरच्या आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या, त्यांना ते बळ चर्चने दिलं नव्हतं. तेव्हा धैर्यावर आमचा मक्ता नाही. ख्रिस्ती श्रद्धेने मला एक वेगळी गोष्ट दिली आहे. माझा देव स्वतः घाबरलेला आहे. गेथशेमाने बागेत त्याने हा प्याला माझ्यापुढून टळू दे अशी विनवणी केली, मित्रांना जागं राहायला सांगितलं, ते झोपले. प्याला टळला नाही. लाजराच्या कबरेशी तो रडला, आणि थोड्याच वेळात त्याला आपण उठवणार हे माहीत असताना रडला. पौलाने अंगातला काटा जावा म्हणून तीनदा विनवलं, तो गेला नाही. असा देव समोर असला की ‘मी घाबरले आहे’ हे सांगायला लाज वाटत नाही. पहाटे तीनला मुलाला दम लागतो, उशा रचून त्याला बसवायचं असतं, तेव्हा माझ्या तोंडून सुबक प्रार्थना निघत नाही. मी म्हणते, तू होतास ना त्या बागेत, मग बघत काय बसलास? आणि मी एकटी नाही असं तेव्हा मला खरोखर वाटतं. का वाटतं ते मला सिद्ध करता येणार नाही, आणि करायचंही नाही.

बरं होण्याची प्रार्थना मी सोडलेली नाही. रोज मागते. चमत्कार होत नाहीत असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. फक्त तो झाला नाही तर ती माझ्या मुलाच्या विश्वासाची उणीव, हा हिशेब मला मंजूर नाही.

हे सगळं मी आमच्या पाळकसाहेबांपुढे मांडलं. ते तरुण आहेत, सज्जन आहेत, ऐकून घेतात. म्हणाले, “बाई, तुमचं खरं आहे. पण साक्षीच्या वेळी लोक अशी गाऱ्हाणी सांगायला लागले तर नव्या माणसांचा विश्वास डळमळेल.” मी म्हटलं, “साहेब, ज्याचा डळमळायचा त्याचा शुक्रवारी त्या खुर्चीवरच डळमळतो. रविवारी तो इथे येतो तो कुणाचा तरी डळमळून परत उभा राहिलाय का ते बघायला. आपण त्याला फक्त नोकऱ्या लागलेल्या दाखवतो.” त्यांनी विषय कमिटीपुढे ठेवला. कमिटीत बरंच झालं. एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं की उपासना ही देवाच्या स्तुतीसाठी असते, रडगाण्यासाठी नव्हे. दुसऱ्यांनी स्तोत्रसंहिता उघडून त्यांच्यापुढे सरकवली. शेवटी इस्टरच्या आधीचे जे चाळीस दिवस आम्ही उपासकाळ म्हणून पाळतो, तेवढ्यापुरतं करून बघायचं ठरलं. दर रविवारी एकाने बोलायचं, वेळ पाच मिनिटं, त्यावर कुणी उपदेश करायचा नाही, आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र त्या दिवसांत एकदा तरी वाचायचं. ही शेवटची अट माझी होती.

पहिल्या रविवारी मी उठणार होते. पण माझ्याआधी मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. त्यांचा नवरा कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला, त्यानंतर त्या चर्चला क्वचितच दिसायच्या. त्या म्हणाल्या, आम्ही सगळ्यांनी त्याच्यासाठी रात्रभर झूमवर प्रार्थना केली होती, सकाळी तो गेला, आणि नंतर कुणी मला विचारलं नाही की तुझं आणि देवाचं आता बोलणं आहे का. मग म्हणाल्या, नव्हतं. आता थोडं थोडं आहे. एवढं बोलून त्या खाली बसल्या. पाच मिनिटांतली चार शिल्लक होती. पाळकसाहेबांनी कबूल केल्याप्रमाणे उपदेश केला नाही. सेक्रेटरींनी सूचना वाचल्या, शब्बाथ शाळेच्या सहलीचे पैसे पुढच्या रविवारपर्यंत भरायचे आहेत. उपासना सुटल्यावर त्या बाईंभोवती बायकांचा घोळका जमला, आणि कुणी काय बोलावं ते न सुचून एकीने त्यांना घरी जेवायला येण्याचा आग्रह केला. त्या गेल्या.

माझी पाळी पुढच्या रविवारी आहे. मुलाने बजावलं आहे की चष्म्याचा किस्सा सांगायचा नाही.